‘एनके कमी’ आलेल्या लेकराला पावडर देऊ नका

पत्र :

डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी मदतनीस आहे. माझा भाचा पाच वर्षांचा आहे. तान्हा पोळा झाला आणि त्याला ताप भरला. गावात सलाईन लावलं, मग तालुक्याला टायफॉइड म्हणून औषधं झाली, पण ताप काही उतरला नाही. आठवडा उलटल्यावर पोट फुगलं, लेकरू डोळे उघडेना. नागपूरला नेलं तेव्हा स्क्रब टायफस निघाला आणि त्यासोबत एचएलएच नावाचा आजार सांगितला. फेरिटिन अठरा हजारांवर होतं. कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. औषधं आणि स्टिरॉइड सुरू केल्यावर ताप उतरला. आता घरी आहे, स्टिरॉइड हळूहळू कमी करताहेत. पुन्हा उसळलं तर कॅन्सरचं इंजेक्शन द्यावं लागेल, असं मोठे डॉक्टर म्हणाले.

एका रिपोर्टवर एनके सेल्स दोन टक्के आणि पुढे ‘लो’ असं लिहिलं आहे. गावातला ओळखीचा एक जण म्हणतो, ही प्रतिकारशक्तीची पेशी आहे, ती वाढवायची पावडर सहा महिने द्या. माझी आई गुळवेलीचा काढा देऊ म्हणते. आणखी एक गोष्ट लिहिते. वहिनी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. त्यांची पहिली मुलगी चार महिन्यांची असताना अशाच तापात, पोट फुगून गेली. तेव्हा काही निदान झालं नाही. गावातल्या बाया वहिनीलाच बोलतात. तिला आता तिसरा महिना आहे. आम्ही काय करावं?

— एक आत्या, जि. यवतमाळ

उत्तर :

ताई, पावडर आणू नका. आणली असेल तर लेकराला देऊ नका, आणि काढाही नको. का ते पुढे सविस्तर सांगतो, पण हे पत्र अर्ध्यावर सोडून कोणी कामाला लागलं तरी एवढं घरात पोचलं पाहिजे म्हणून आधीच लिहिलं. दुसरी गोष्ट वहिनीच्या तिसऱ्या महिन्याची. त्यात वेळेला किंमत आहे. भाच्याच्या रक्ताची एक तपासणी याच आठवड्यात पाठवण्याविषयी नागपूरच्या डॉक्टरांशी बोला. तेही खाली येईलच.

आधी या एनके पेशी काय आहेत ते पाहू. नॅचरल किलर, म्हणजे जन्मजात मारेकरी पेशी. रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये साधारण पाच ते पंधरा टक्के एवढ्याच त्या असतात. १९७५ साली स्वीडन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जवळपास एकाच सुमाराला त्या ओळखल्या. विषाणू शिरलेली किंवा कॅन्सरकडे झुकलेली पेशी दिसली की कुठल्याही आधीच्या ओळखीशिवाय तिला मारायचं, हे त्यांचं काम. मारण्याची रीत अशी : एनके पेशी त्या बिघडलेल्या पेशीला चिकटते, आपल्या आतल्या बारीक पिशव्या चिकटलेल्या जागेकडे सरकवते आणि तिथे रिकाम्या करते. पिशवीत परफोरिन नावाचं प्रथिन असतं, ते समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. त्या वाटेने ग्रॅन्झाइम नावाची द्रव्यं आत जातात आणि ती पेशी मरते. मग एनके पेशी सुटून पुढच्या कामाला लागते. लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार म्हणजे टी पेशी. त्यांच्यातला एक गटही, सीडी८ म्हणतात तो, याच हत्याराने मारतो.

इथपर्यंत ऐकलं की कोणालाही वाटेल, मारेकरी कमी म्हणजे शरीर दुबळं, मग वाढवा. पावडर विकणाऱ्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. पण तुमच्या भाच्याच्या आजारात शरीर दुबळं पडून गप्प बसलेलं नव्हतं. उलट, प्रतिकार थांबायलाच तयार नव्हता. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, प्रतिकार भडकला की ते रक्तात वाढतं. अठरा हजार हा आकडा हीच त्याची खूण. एचएलएच, म्हणजे हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, हा प्रतिकारशक्ती बेभान होण्याचा आजार आहे.

मारणाऱ्या पेशी लुळ्या पडल्या आणि प्रतिकार मात्र भडकला, हे एकाच वेळी कसं होतं? आपल्याकडे शेतात जागलीला जातात ते घ्या. रानडुक्कर आलं की जागल्या हाकाटी करतो. डुक्कर पळालं की हाकाटी थांबते, आलेले लोक परत जातात. पण जागल्याच्या हातात काठीच नसेल, डुक्कर समोरून हलतच नसेल, तर तो रात्रभर ओरडत राहील, आख्खं गाव बॅटऱ्या घेऊन वावरात उतरेल आणि डुकराने जेवढी नासली नसती तेवढी तूर माणसांच्या पायाखाली जाईल. मारेकरी पेशी चिकटून राहते तोवर ती इंटरफेरॉन गॅमासारखी द्रव्यं, म्हणजे सायटोकाइन, सोडत असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की परफोरिन नसलेल्या मारेकरी पेशी आपल्या लक्ष्याला नेहमीपेक्षा जवळपास पाचपट वेळ चिकटून राहतात आणि तेवढा वेळ सायटोकाइन ओतत राहतात. काम झालं की सुटायचं, हेच होत नाही.

त्या इंटरफेरॉनने मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी चेकाळतात. भाच्याच्या कमरेच्या हाडातला मगज काचपट्टीवर पसरून पाहिला तेव्हा डॉक्टर हेच शोधत होते. सूक्ष्मदर्शकाखाली एक मोठी, फेसाळ पेशी दिसते आणि तिच्या पोटात अख्ख्या तांबड्या पेशी, प्लेटलेट, कधी पांढरी पेशीसुद्धा गिळलेली दिसते. आजाराच्या लांबलचक नावातला पहिला शब्द त्यावरूनच आला आहे. म्हणून हिमोग्लोबिन उतरतं, प्लेटलेट उतरतात. तिल्ली आणि यकृत या पेशींनी भरून सुजतात आणि बरगडीखालून पोट फुगतं.

एनके पेशींचं आणखी एक काम आहे, आणि या आजारात मला ते फार महत्त्वाचं वाटतं. त्या फक्त शत्रूला मारत नाहीत. भडकलेल्या आपल्याच टी पेशींनाही त्या आवरतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की टी पेशींना हत्यार नसलं तरी एनके पेशींना असेल, तर एचएलएचसारखा आजार पुष्कळ सौम्य होतो. म्हणजे त्या मारेकरीही आहेत आणि लगामही आहेत. तुमच्या भाच्यात तो लगाम सुटला होता. आता तो जन्मतःच कच्चा होता, की स्क्रब टायफसच्या, म्हणजे गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाच्या आजारात तात्पुरता सैल झाला, हा खरा प्रश्न आहे. ‘दोन टक्के’ या आकड्यात त्याचं उत्तर नाही.

का नाही, ते सांगतो. दोन टक्के ही संख्या आहे. त्या पेशींना मारता येतं की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. वंशपरंपरेने आलेल्या एचएलएचमध्ये पुष्कळ मुलांची एनके संख्या व्यवस्थित असते, पण हत्यार निकामी असतं. आणि ज्यांना हा आजार एखाद्या संसर्गामुळे होतो, त्यांच्यातही आजार ऐन भरात असताना एनकेची संख्या आणि धार दोन्ही घसरतात. इंटरल्युकिन-६ नावाचं सायटोकाइन वाढलं की एनके पेशींमधलं परफोरिन कमी होतं, हे दाखवून दिलेलं आहे. त्यातून स्टिरॉइड चालू असलं की आकडे आणखी हलतात. म्हणजे ‘लो’ हे आजाराचं कारण असेल किंवा आजाराचा परिणामही असेल. आजाराची निदानाची नियमावली २००४ साली ठरली, तेव्हा आठ निकषांत एनके पेशींच्या कामाची तपासणी होती. २०२४ साली नियमावली सुधारली तेव्हा ती त्या यादीतून काढून टाकली. आता सातपैकी पाच निकष पाहतात : ताप, वाढलेली तिल्ली, रक्तपेशी घटणं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढणं किंवा फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) घटणं, मगजातल्या त्या गिळणाऱ्या पेशी, फेरिटिन आणि सीडी२५ नावाची एक तपासणी. त्या एका ‘लो’वर रात्र जागू नका, ताई.

मग विचारायचं काय? दोन तपासण्यांची नावं कागदावर लिहून घेऊन जा : ‘एनके पेशींतलं परफोरिन’ आणि ‘सीडी१०७ए’. पहिलीत हत्यार आहे का ते कळतं, दुसरीत पिशवी रिकामी करता येते का ते कळतं. या दोन्ही फ्लो सायटोमेट्री नावाच्या यंत्रावर होतात आणि जुन्या पद्धतीच्या एनके तपासणीपेक्षा भरवशाच्या आहेत. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, एनआयआयएच म्हणतात. तिथे प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांचंच काम चालतं. नमुना तुम्ही पाठवायचा नाही, नागपूरचे डॉक्टर त्यांच्याशी बोलून पाठवतील. एक बारकी गोष्ट लक्षात असू द्या : या तपासणीला जिवंत पेशी लागतात. हेपॅरिनच्या नळीतलं रक्त बर्फात न घालता, जमलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत पोचावं लागतं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी रक्त काढून उपयोग नाही. जनुकांच्या तपासणीचं तसं नसतं. ती साध्या ईडीटीएच्या नळीतल्या रक्तावर होते, प्रवासात एखादा दिवस गेला तरी बिघडत नाही.

जनुकांची तपासणी मी का धरून बसलोय, तर तुमच्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळींमुळे. स्क्रब टायफसने एचएलएच होतो, हे ठाऊक असलेलं आहे, आणि योग्य औषधाने अशी बरीच मुलं पूर्ण बरी होतात, पुन्हा कधी त्रास होत नाही. भाच्याचा ताप औषध आणि स्टिरॉइडने उतरला, हे चांगलं लक्षण आहे. नुसती एवढीच हकीकत असती तर मी म्हटलं असतं, स्टिरॉइड संपेपर्यंत नियमित दाखवा आणि निश्चिंत राहा. पण आधीची मुलगी चार महिन्यांची असताना ताप येऊन, पोट फुगून गेली आणि आई-वडील मामे-आते भावंडं आहेत. वंशपरंपरेचा एचएलएच बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच डोकं वर काढतो. काही मुलांत तो उशिरा, एखाद्या संसर्गाचं निमित्त होऊन दिसतो. एकाच घरात एकाला लवकर आणि दुसऱ्याला उशिरा, असंही घडतं. या गोष्टी एकत्र असताना जनुकं न तपासता ‘स्क्रबमुळे झालं’ म्हणून फाइल बंद करणं मला पटत नाही. नागपूरच्या डॉक्टरांना पहिल्या मुलीची हकीकत सांगितली आहे का? पत्रात तसं दिसत नाही. घरातले लोक गेलेल्या बाळाविषयी बोलत नाहीत आणि घाईच्या वॉर्डात कोणी विचारतही नाही. जाऊन सांगा. तिचा दवाखान्याचा एखादा कागद, सोनोग्राफी, रक्ताचा रिपोर्ट घरात कुठे ठेवलेला असेल तर सोबत न्या.

वंशपरंपरा कशी चालते, हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही, कारण सिकलसेल या रक्ताच्या वंशपरंपरेने येणाऱ्या आजाराच्या तपासण्या तुम्ही पाहिल्या असतील. अगदी तोच नियम. आई वाहक, वडील वाहक, दोघं ठणठणीत, आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला दोन्हीकडचं बिघडलेलं जनुक मिळेल. परफोरिनचं जनुक बिघडल्याने हा आजार होतो, हे १९९९ साली पहिल्यांदा कळलं. नंतर पिशवी सरकवणाऱ्या आणि रिकामी करणाऱ्या प्रथिनांची जनुकंही सापडली. फक्त मुलग्यांना होणारे दोन प्रकारही आहेत, ते आईकडून येतात, पण इथे आधी मुलगी गेली आहे, म्हणून माझा विचार तिकडे कमी जातो.

आणि आता त्या बायांबद्दल, ज्या वहिनीला बोलतात. जनुकाचा दोष असलाच तर तो अर्धा तुमच्या भावाकडून आणि अर्धा वहिनीकडून आला असणार. तुमची आई आणि तुमचे मामा सख्खी भावंडं आहेत. जे जनुक वहिनीत असेल ते तुमच्या आईच्याच माहेरचं असण्याची शक्यता जास्त, आणि तेच तुमच्या भावातही उतरलं असेल. म्हणजे जे वहिनीत, तेच आईत, आणि तुमच्यातही असू शकतं. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यातली बहुतेक मुलं धडधाकट असतात, काहींच्या वाट्याला हे येतं. यात पाप नाही, नजर नाही, कोणाचा पायगुण नाही. एक लेकरू गमावलेली, दुसऱ्याच्या उशाशी रात्री काढलेली आणि तिसरं पोटात असलेली बाई वाड्यावरच्या बोलण्याला उत्तर देऊ शकत नाही. तुम्ही द्या. तुम्ही आत्या आहात, अंगणवाडीत आहात, गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. आणि भावालाही सांगा की रक्त त्याचंही द्यायचं आहे, एकट्या वहिनीचं नाही.

गरोदरपणाचं गणित असं आहे. भाच्याच्या जनुकांत नेमका दोष सापडला आणि आई-वडील वाहक निघाले, तरच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. अहवाल यायला काही आठवडे लागतात. गर्भजलाची तपासणी साधारण पंधरा-सोळा आठवड्यांनंतर होते. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की याच आठवड्यात रक्त पाठवण्याचं बोला. ही तपासणी नोंदणीकृत केंद्रात, समुपदेशन करून, कायद्याच्या चौकटीत होते. त्यात मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही आणि कोणी सांगायचंही नाही. अहवाल काय आला तर काय करायचं, हा निर्णय वहिनी आणि भावाचा. सासू, आई, आत्या, डॉक्टर कोणाचाच नाही. आणि तपासणी करायचीच नाही असं त्यांनी ठरवलं, किंवा वेळेत अहवाल आला नाही, तरी वाट बंद होत नाही. बाळ जन्मलं की लगेच रक्त तपासता येतं, आणि आजार असलाच तर तो उसळायच्या आधी हाताशी वेळ मिळतो. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात नको. ज्यांना ही हकीकत ठाऊक आहे अशा मोठ्या रुग्णालयात करा.

‘कॅन्सरचं इंजेक्शन’ ऐकून घर हादरलं असणार. त्याचं नाव इटोपोसाइड. एचएलएच म्हणजे कॅन्सर नव्हे. पण बेफाम वाढलेल्या टी पेशींना नेमकं मारणं त्या औषधाला चांगलं जमतं, म्हणून ते इथे वापरतात. स्टिरॉइड आणि इटोपोसाइड एकत्र देण्याची पद्धत १९९४ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. त्याआधी वंशपरंपरेच्या एचएलएचची मुलं बहुधा काही महिन्यांतच जात. त्या पद्धतीने उपचार झालेल्यांतली ५४ टक्के मुलं पाच वर्षांनंतर जिवंत होती. आकडा पुरेसा नाही, पण शून्याच्या जवळून तो इथे आला. ती वेळ आली तर नावाला घाबरून सही अडवू नका. केस गळतील, पांढऱ्या पेशी उतरतील, संसर्गाला जपावं लागेल, हे खरं आहे. पण उशीर झाला तर मेंदूला सूज येऊ शकते आणि त्याने झालेली इजा नंतर बहुधा पूर्ण भरून निघत नाही.

जनुकाचा दोष सिद्ध झाला तर कायमचा उपाय बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी देणं. त्यातून नव्या, हत्यार असलेल्या एनके आणि टी पेशी तयार होतात. दिलासा एवढा की सगळ्याच पेशी दात्याच्या असाव्या लागत नाहीत. वीस-तीस टक्के टिकल्या तरी आजार बहुधा काबूत राहतो. आई किंवा वडिलांच्या हाडातला अर्धा जुळणारा मगजही आता वापरतात. खर्च मोठा आहे, म्हणून रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना आत्ताच भेटून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्टची मदत, यातलं काय कुठे लागू पडतं ते त्यांना ठाऊक असतं. रेशन कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला काढून फाइलमध्ये ठेवा. आत्ताच कर्ज काढू नका, वावर गहाण टाकू नका. आधी अहवाल येऊ द्या.

आता पावडर आणि काढा. बाजारातली ‘एनके वाढवणारी’ कुठलीही पावडर नसलेलं परफोरिन तयार करू शकत नाही. ते जनुकावर ठरतं. आणि समजा तिच्यात खरंच प्रतिकारशक्तीला चेव आणणारं काही असलं, तर ज्या लेकरात लगामच सैल आहे त्याच्यासाठी ती धोक्याची. गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी, कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या काहींचं यकृत त्यांच्याच प्रतिकारशक्तीच्या तडाख्यात सापडल्यासारखं दिसत होतं. तुमच्या भाच्याचं यकृत नुकतंच सुजून ओसरलं आहे. आईचा जीव तुटतो म्हणून ती काढ्याचं म्हणते, तिला दुखवू नका. तिच्या हातचं गरम वरण-भात, अंडं, ताजी फळं सोलून, पाणी उकळून, हे सगळं तिनेच करावं. त्याने लेकराला खरंच बळ येतं.

स्टिरॉइडबद्दल एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा : डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवायचं नाही, एकदम बंद करायचं नाही. गाल फुगले, भूक वाढली, चिडचिड वाढली की घरचे घाबरून गोळी थांबवतात. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळतो, आणि आजारही उसळतो. उलटी झाली, गोळी पडली, तर फोन करून विचारा. लसींचंही तसंच. गोवर-रुबेलाची किंवा तोंडावाटे पोलिओची लस जिवंत विषाणूची असते. तुमच्याच अंगणवाडीत सत्र असेल तरी भाच्याला रांगेत उभं करू नका, आधी नागपूरला विचारा. घरातल्या बाकीच्या मुलांच्या कोणत्या लसी द्यायच्या तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं लिहितो. आपल्याकडे पावसाळा सरत आला की स्क्रब टायफसचा हंगाम सुरू होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. बांधावरच्या गवतात, झुडपांत असणाऱ्या माइटच्या बारीक अळ्या चावतात, आपल्याला कळतही नाही. चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा, कोरडा खपलीचा डाग पडतो. तो दुखत नाही, खाजत नाही, आणि बसतो कुठे तर काखेत, जांघेत, कानामागे, कमरेच्या नाडीखाली. ताप आलेल्या लेकराचे सगळे कपडे काढून उजेडात एकदा पाहिलं तर तो सापडतो. सगळ्यांनाच पडतो असं नाही, पण दिसला तर डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. डॉक्सिसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध वेळेत मिळालं तर पुढचं रामायण बऱ्याच वेळा टळतं.

ताप आठवड्यावर गेला, पोट फुगतंय, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही उतरताहेत, तर डॉक्टरांना फेरिटिनविषयी विचारा. मुलांमध्ये ते दहा हजारांवर गेलं तर एचएलएचचा संशय फार बळकट होतो. एक खूण तर कुठल्याही छोट्या लॅबमध्ये सापडेल : लेकरू खालावतंय आणि ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, मात्र एकाएकी उतरलाय. नातेवाईकांना वाटतं सुधारणा आहे. प्रत्यक्षात रक्तातलं फायब्रिनोजेन संपत चाललेलं असतं, म्हणून तो आकडा पडतो. उलट बाजूही सांगतो. सिकलच्या, वारंवार रक्त चढवलेल्या मुलांचं फेरिटिन लोह साठल्यामुळे हजारांत असतं. तिथे नुसत्या त्या आकड्यावरून एचएलएच म्हणता येत नाही, जुना आकडा किती होता ते पाहावं लागतं. म्हणून सिकलच्या लेकराचे जुने रिपोर्ट टाकून देऊ नका.

ताई, भाच्याला पुन्हा १०१च्या वर ताप आला, तो गळून झोपून राहिला, फिट आली, नाकातून रक्त आलं किंवा डाव्या बरगडीखाली हाताला पुन्हा काही टणक लागलं, तर तालुक्याला दोन दिवस वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, फाइल घ्या आणि जिथे पहिल्यांदा उपचार झाले तिथेच न्या. सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेने लावा, वर एका कोऱ्या कागदावर ‘एचएलएच, स्टिरॉइड चालू’ असं ठळक लिहा, म्हणजे रात्रीच्या ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला पहिल्या मिनिटात कळेल. परफोरिन आणि जनुकांचा अहवाल आला की मला पुन्हा लिहा. वहिनीला लिहावंसं वाटलं तर तिनेही लिहावं.